बार्शीची गाडी, मॅनिफोल्डची पायवाट आणि वाघूरचा पूल

अजिंठ्याच्या लेण्यांसमोर नालासारखं वळण घेणारी वाघूर नदी शाळेच्या सहलीत बहुतेकांनी पाहिलेली असते. हीच नदी पुढे जळगाव जिल्ह्यात पहूरजवळून वाहत तापीला मिळते. पाचोरा तिच्या पश्चिमेला, जामनेर पूर्वेला. त्यामुळे पाचोरा-जामनेर रेल्वेला वाघूर ओलांडणं भागच होतं.

खानदेशात ही गाडी 'पीजे' म्हणूनच ओळखली जाई. ती सुरू झाली पहिल्या महायुद्धाच्या अखेरीला, १९१८-१९ मध्ये. लांबी ५६ किलोमीटर, दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलीमीटर, म्हणजे अडीच फूट. शेंदुर्णी, पहूर, जामनेर या भागातला कापूस पाचोऱ्याला मुंबईच्या मोठ्या लोहमार्गापर्यंत पोचवायचा, हा तिचा मुख्य उद्देश. पुढे माणसांचीच ने-आण जास्त झाली. चालत्या गाडीतून उतरून पोरं पुन्हा चढत, असं जुनी माणसं सांगतात. मी या गाडीत बसलो आहे. तिचा वेग पाहता ते सहज पटतं.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत ही गाडी थांबली. २०२२ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत वाढवायला मंजुरी मिळाली. मग जुन्या पुलांचं काय करायचं? ब्रॉडगेजची गाडी त्यांवरून नेता येणार नाही. तिच्या एका आसावर वीस टनांहून अधिक भार येऊ शकतो. नॅरोगेजच्या एका आसावर तो साधारण पाच ते आठ टन असे.

या 'पाच टनां'मागे एक कथा आहे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. त्याचा विचार साधा होता: इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात आणि गरीब मुलखातही रेल्वे परवडते. तिथेही गेज अडीच फूटच होता. बार्शीचा हा अनुभव घेऊन कॅलथ्रॉपने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड ही रेल्वे उभारली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. शिकवणारी बार्शी आणि शिकणारं इंग्लंड, असं उलटं चित्र इतिहासात क्वचितच दिसतं!

ती रेल्वे चालली नाही. १९३४ मध्ये ती बंद पडली. रेल्वे कंपनीने मार्गाची जमीन तिथल्या कौन्सिलला दिली आणि १९३७ मध्ये त्याच भरावांवरून, त्याच पुलांवरून सुमारे तेरा किलोमीटरची पायवाट खुली झाली. आजही लोक तिच्यावरून चालतात, सायकल चालवतात. चढ सौम्य, कारण लोखंडी रुळावरचं लोखंडी चाक तीव्र चढावर घसरतं. म्हणून रेल्वेला वाट हळूहळू चढवावीच लागते. त्याचा फायदा सायकलवाल्याला होतो.

वाघूरच्या पुलाला माणसांचं ओझं जड होईल का? दाटीवाटीने उभी गर्दी चौरस मीटरला अर्धा टन धरतात. दोन मीटर रुंदीच्या वाटेवर हे मीटरमागे एक टन झालं. इंजिनाखाली याहून जास्त भार पेलण्यासाठीच असे पूल बांधलेले असतात. स्लीपरमधल्या फटी बुजवणं, कठडे घालणं ही कामं सोपी. गंजलेलं लोखंड तपासावं लागेल, पण तेही डोळ्यांना दिसतं.

खरी भीती पाण्याखाली असते. पुरात खांबाशी पाणी अडतं, खाली वळतं आणि भोवऱ्यासारखं फिरत पायाजवळची वाळू उकरून नेतं. पूर ओसरला की त्याच खड्ड्यात गाळ बसतो. उन्हाळ्यात पाहणी करणाऱ्याला सारं जागच्या जागी दिसतं, पण तो गाळ भुसभुशीत असतो. पुढच्या पुरात पहिल्या तासातच निघून जातो. वर्गाबाहेर हे करून पाहता येईल. वाळूच्या उथळ चरात वीट उभी रोवा, नळीने पाणी सोडा आणि विटेच्या पुढच्या बाजूला, पाणी येतं त्या अंगाला, काय होतं ते मुलांना पाहू द्या. मुलं बहुधा मागच्या बाजूला खड्डा पडेल असं म्हणतात.

पायवाट म्हणजे गाडीची भरपाई नव्हे, हेही सांगायला हवं. शेंदुर्णीच्या माणसाला पाचोऱ्याला स्वस्तात जायचं असतं. त्याला सायकलची सहल नको, रेल्वे हवी. म्हणून नवा मार्ग जिथे जुन्या भरावावरूनच जाईल तिथे वाद नाही. पण वळणं सरळ करताना नवा मार्ग जिथे बाजूला सरकेल, तिथे जुना भराव आणि पूल मोकळे राहू शकतात. तिथे पलीकडच्या शेतात किंवा शाळेत जाणाऱ्यांना पावसाळ्यातही वापरता येईल अशी वाट जवळपास तयारच आहे. असा पूल भंगारात काढणं मला चुकीचं वाटतं.

निदान त्यांची नोंद तरी व्हावी. तुमची शाळा या मार्गालगत असेल तर नववीच्या मुलांना घेऊन एक दिवस जा. पुलावर चढू मात्र नका. काठावरून गाळे मोजा, खांब दगडी की लोखंडी ते लिहा, पुराच्या पाण्याची खूण खांबावर किती उंच आहे ते पाहा. आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, पूर आला की गाडी कुठे थांबत असे.