छात्रसैनिकाचा वेष आणि इतिहासाची साक्ष

नागपुरांतील इतवारीच्या कापडबाजारांत स्वातंत्र्यदिन किंवा प्रजासत्ताकदिन जवळ आला म्हणजे खाकी कापडाची विचारणा होऊं लागते. शाळांच्या संमेलनांत, चौकांतील देखाव्यांत आणि मिरवणुकींतील गाड्यांवर जुन्या काळचे सैनिक उभे करावयाचे असतात. हीं पात्रें घेणारीं मुलें बहुधा बारा ते अठरा वर्षांचीं असल्यामुळें सेनापतीच्या भूमिकेपेक्षां छात्रसैनिकाची भूमिकाच त्यांच्या वयाला अधिक शोभते. खाकी सदरा, खाकी विजार, कमरेला पट्टा, डोक्याला टोपी आणि खांद्यावर लांकडी बंदूक एवढें जमलें कीं छात्रसैनिक तयार झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रसंग १८१७ सालचा असो, १९१७ सालचा असो अथवा १९४८ सालचा असो, वेष मात्र तोच.

सोंग सजविण्याची कला इतवारीला नवी नाहीं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं निघणारी काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून या जुन्या वस्तींतून फिरत आली आहे. तिच्याबरोबर निघणाऱ्या बडग्यांना अतिशयोक्ति शोभते. किंबहुना नाक दुप्पट लांब आणि पोट चौपट मोठें केल्याखेरीज बडग्याला रंगच चढत नाहीं. परंतु ऐतिहासिक देखावा हा बडग्या नव्हे. ती साक्ष होय. पुस्तकांतील पान मूल विसरून जातें, पण डोळ्यांनीं पाहिलेला वेष तें जन्मभर विसरत नाहीं. यास्तव त्या वेषांत जी चूक राहील ती केवळ शिंप्याची चूक राहत नाहीं. ती इतिहासाची चूक होऊन बसते.

वेष खरा करावयाचा तर कात्री हातीं घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे लागतात. साल कोणतें? चाकरी कोणाची? आणि मुलाचा दर्जा कोणता? या तिहींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे कापड, रंग, शिवण आणि चिन्हें हीं आपोआप ठरत जातात.

सीताबर्डीच्या लढाईचेंच उदाहरण घ्यावें. १८१७ च्या नोव्हेंबरच्या २६ व २७ तारखांस अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज कंपनीची फौज यांची गांठ या टेकडीवर पडली. भोसल्यांच्या घोडदळांतील एखादा तरुण दाखवावयाचा झाल्यास त्याला गणवेष देतांच येत नाहीं. मराठी घोडदळांत शिलेदार आपला घोडा व आपलीं शस्त्रें घेऊन चाकरीस येई. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे. पण अंगावरचा पोशाख ज्याचा त्याचा असे. शिलेदाराच्या मुलाचें लष्करी शिक्षण घरच्या पागेंत आणि तालमींत होई. तेव्हां त्या मुलाला अंगरखा, सुरवार, कमरेला शेला, डोक्याला पागोटें, पाठीवर ढाल आणि पडदळाला तरवार द्यावी. आणि त्याच्या शेजारच्या मुलाचा रंग मुद्दाम निराळा ठेवावा. दहा मुलांचे दहा रंग दिसले म्हणजे देखावा फसला असें समजूं नये. तेथेंच तो खरा ठरला. ती फौज एका सांच्यांतून काढलेली नव्हती, निरनिराळ्या घरांतून आलेली होती, ही गोष्ट व्याख्यानांतून सांगण्यापेक्षां अशा रंगांच्या गर्दीनें लवकर समजते.

समोरच्या बाजूस मात्र एकरंगीपणा होता. कंपनीच्या पायदळी पलटणींतील हिंदी शिपायांच्या अंगांतही लाल डगला असे. त्या फौजेंत अधिकारी होण्यासाठीं येणाऱ्या इंग्रज मुलांनाच त्या काळीं ‘कॅडेट’ म्हणत. सोळा-सतरा वर्षांचीं हीं पोरें सहा महिन्यांचा समुद्रप्रवास करून या देशांत उतरत. त्यांच्या शिक्षणासाठीं १८०९ सालीं विलायतेंत ॲडिसकोंब येथें शाळा निघाली व ती १८६१ पर्यंत चालली. पुष्कळ मुलें मात्र संचालकांच्या शिफारशीवर थेटच येत. त्यांचा डगला लोंकरी बनातीचा असे. शिवण्याचें यंत्र प्रचारांत आलें तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर. म्हणून १८१७ च्या डगल्यावर निदान दर्शनी भागीं तरी यंत्राची टीप दिसतां कामा नये. हातांत गारेच्या चकमकीची बंदूक हवी. काडतुसाची पुढील काळची बंदूक नव्हे. आणि खाकी रंग तर मुळींच नको. हिंदुस्थानांत खाकीचा लष्करी उपयोग सुरू झाला तो १८४६ नंतर, वायव्य सरहद्दीवरील गाइड्स पलटणींत. सीताबर्डीवर खाकी शिपाई उभा करणें म्हणजे इतिहासाला तीस वर्षें पुढें ढकलणें होय.

‘खाक’ म्हणजे धूळ, आणि खाकी म्हणजे धुळीच्या रंगाचा. डोंगरांतून दुरून शिपाई दिसूं नये यासाठीं पांढरें सुती कापड मातकट रंगांत बुडवीत. आरंभीं हा रंग घरगुती असल्यामुळें एका पलटणींतही तो सारखा उतरत नसे. पुढें पक्का रंग निघाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खाकी हा हिंदी फौजेचा नित्याचा पोशाख बनला. येथून पुढचा छात्रसैनिक खाकींत दाखवावयास हरकत नाहीं. परंतु येथूनच दुसरी अडचण सुरू होते. कापड सर्वांचें सारखें झालें, म्हणून कोणाचा शिपाई कोणता हें केवळ रंगावरून ओळखतां येईनासें झालें. तें ओळखावयाचें तें चिन्हांवरून.

इतवारीच्या रेल्वे स्थानकाला आज नेताजी सुभाषचंद्र बोस यांचें नांव जोडलेलें आहे. देखाव्यांत नेताजी येतात ते बहुधा १९४३ सालच्या लष्करी पोशाखांत, उंच बूट घालून. परंतु सुभाषबाबू हे स्वतः एके काळीं छात्रसैनिक होते, ही गोष्ट फार थोड्या देखाव्यांतून दिसते. पहिल्या महायुद्धांत बंगाली पलटणींत शिरण्याचा त्यांनीं यत्न केला, तेव्हां दृष्टि अधू म्हणून त्यांना नाकारण्यांत आलें. पुढें १९१७ मध्यें कलकत्त्यास विद्यार्थ्यांसाठीं इंडिया डिफेन्स फोर्सचें विद्यापीठ-पथक निघालें, त्यांत स्कॉटिश चर्च कॉलेजचा हा विद्यार्थी दाखल झाला. तंबूंत राहणें, कवायत, नेमबाजी हें सर्व त्यांनीं तेथें केलें आणि त्यांत त्यांना आनंद वाटला. ज्या मुलाला ही भूमिका दिली असेल त्याला चष्मा अवश्य द्यावा, कारण चष्मा हाच त्या प्रसंगाचा प्राण आहे. खाकी सुती ड्रिलचा पोशाख तांदुळाच्या कांजींत बुडवून, इस्त्री करून कडक करावा. पायांत खिळ्यांचे जड बूट आणि पोटरीवर लोंकरी पट्ट्या हव्यात. या पट्ट्या पायदळाचा शिपाई घोट्यापासून गुडघ्याकडे गुंडाळी व घोडेस्वार गुडघ्याकडून घोट्याकडे. म्हणजे केवळ गांठ कोठें आहे तें पाहून जाणत्याला दळ ओळखतां येई. डोक्यावर काय घालावें तें त्या त्या पथकाचें जुनें छायाचित्र पाहूनच ठरवावें, कारण या बाबतींत पथकापथकांत भेद असे.

याच ठिकाणीं देखावा रचणाराची खरी कसोटी लागते. १९१७ सालीं या देशांतील सैनिकी चिन्हांवर ब्रिटिश राजमुकुट असे. आज मुलाच्या अंगावर तो मुकुट लावतांना शिक्षकाचा हात अडखळतो. पालक विचारतील, पाहुणे विचारतील, म्हणून मुकुट काढून तेथें अशोकस्तंभाचे सिंह बसविण्याचा मोह होतो. हेतु चांगला असतो, पण परिणाम वाईट होतो. अशोकाचे सिंह सैनिकी चिन्हांवर आले ते २६ जानेवारी १९५० नंतर. सुभाषबाबूंच्या छातीवर १९१७ मध्येंच ते दाखविले तर प्रेक्षकाला वाटेल कीं त्या तरुणाचा मार्ग सोपा होता. वस्तुतः त्याची थोरवी याच्या उलट आहे. परक्या मुकुटाखालीं त्यानें शिस्त शिकून घेतली आणि सव्वीस वर्षांनीं ती त्याच मुकुटाविरुद्ध वापरली. मुकुट काढून टाकला म्हणजे शरमेची गोष्ट जाते असें नाहीं. पराक्रमाची गोष्ट जाते.

आझाद हिंद सेनेच्या वेषालाही हाच न्याय लागू पडतो. तिचा पुष्कळसा पोशाख ब्रिटिशांकडून हातीं आलेल्या साठ्यांतील खाकीचाच होता. कापड तेंच, निष्ठा मात्र बदललेली. म्हणून तेथें नवें कोरें, झगझगीत कापड वापरणें शोभत नाहीं; धुऊन विटलेलें, एखाद्या ठिकाणीं रफू केलेलें खाकीच खरें. याच सेनेनें १९४३-४४ मध्यें ४५ तरुणांना लष्करी व वैमानिकी शिक्षणासाठीं जपानला धाडलें होतें. त्यांना पुढें ‘टोकियो कॅडेट’ हें नांव पडलें. त्यांचें शिक्षण चालू असतांनाच १९४५ मध्यें युद्ध संपलें. ज्यांना लढाई पाहावयास मिळाली नाहीं अशा या मुलांचा देखावा शाळकरी पात्रांना जितका साजेल तितका दुसरा क्वचित् साजेल.

देशांत इकडे छात्रसैनिकांची परंपरा निरनिराळ्या वाटांनीं वाढत होती. १९२० च्या कायद्यानें विद्यापीठांतील पथकांना नवें रूप आलें. १९२२ सालीं डेहराडूनला लष्करी शाळा निघाली. १९३२ मध्यें तेथेंच ४० छात्रांनिशीं इंडियन मिलिटरी ॲकॅडमी सुरू झाली. आणि १९३७ मध्यें नागपूरचे डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांनीं नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल स्थापन केलें. स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९४८ मध्यें राष्ट्रीय छात्रसेना उभी राहिली. नागपूरकरांचा तिच्याशीं निकटचा संबंध आहे, कारण छात्रसेनेच्या अधिकाऱ्यांना शिक्षण देणारी संस्था शेजारच्या कामठीलाच आहे.

१९४८ चा छात्रसैनिक दाखवितांना चुका होतात त्या आजचा गणवेष जसाचा तसा मागें नेल्यामुळें. मुलींचा विभाग १९४९ मध्यें, वैमानिक विभाग १९५० मध्यें आणि नाविक विभाग १९५२ मध्यें निघाला. तेव्हां १९४८ च्या पहिल्या तुकडींत पांढऱ्या वेषांतील नाविक छात्र उभा करणें चूक होय. तांबडा, गडद निळा व फिका निळा असा तिरंगी ध्वज छात्रसेनेला मिळाला तो १९५४ मध्यें. ‘एकता और अनुशासन’ हें बोधवाक्य तर १९८० चें आहे. तें १९४८ च्या फलकावर लिहूं नये. कापडाची चूक याहून सूक्ष्म आहे. आज बाजारांत सहज मिळणारें खाकी टेरिकॉट त्या काळीं नव्हतेंच. तें सुरकुतत नाहीं आणि त्यावर चमक येते, म्हणून दिव्याच्या उजेडांत तें लगेच उघडें पडतें. शुद्ध सुती ड्रिल थोडें शोधावें लागलें तरी शोधावें.

बंदुकीविषयीं दोन शब्द आवश्यक आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील छात्रसैनिकाच्या हातीं असे ती .३०३ ली-एनफील्ड. तिची लांबी सुमारे ११३ सेंटिमीटर आणि वजन जवळजवळ ४ किलो. देखाव्यासाठीं पातळ फळीची बंदूक दिली कीं मूल ती काठीसारखी फिरवितें आणि सारा वेष खोटा पडतो. जड लांकडाची, निदान दोन-अडीच किलोंची प्रतिकृति दिली तर खांदा आपोआप खालीं येतो, पाऊल जपून पडतें, आणि त्या वयाच्या मुलांनीं काय उचललें होतें तें पात्र घेणाऱ्यालाच प्रथम कळतें. प्रतिकृतीला खरी संगीन मात्र कधींही लावूं नये.

कायद्याचेंही भान ठेवावें लागतें. सैनिक नसतांना, लोकांनीं आपणांस सैनिक समजावें या हेतूनें सैनिकाचा वेष करणें हा पूर्वीं दंडसंहितेच्या १४० व्या कलमान्वयें गुन्हा होता व आतां भारतीय न्याय संहितेच्या १६८ व्या कलमान्वयें आहे. रंगभूमीवरील पात्राचा तसा हेतु नसतो. तरी प्रयोग संपतांच वेष उतरवावा, तो घालून बाजारांत फिरूं नये, आणि मिरवणुकींत बंदुकीच्या प्रतिकृति न्यावयाच्या असल्यास पोलिसांना आधीं कळवावें.

प्रयोग झाल्यावर हे कपडे बहुधा शाळेच्या एका पेटींत एकत्र कोंबले जातात आणि पुढच्या वर्षीं १८१७ चें पागोटें १९४८ च्या खाकीवर चढतें. यावर उपाय अगदीं सोपा आहे. प्रत्येक वेष धुऊन, वाळवून, निराळ्या गांठोड्यांत बांधावा आणि त्यावर एक चिठ्ठी टांकावी. चिठ्ठीवर पात्राचें नांव नसलें तरी चालेल. साल मात्र अवश्य असावें.