दुसरं मत कुठे गेलं?

दर एप्रिलमध्ये आणि दर निवडणुकीच्या तोंडावर एक मेसेज फिरतो : बाबासाहेबांना लोकसभेत कुणी पाडलं? एक बाजू म्हणते काँग्रेसने पाडलं. दुसरी बाजू म्हणते डांग्यांनी पाडलं. दोन्ही बाजूंना बाबासाहेबांशी किती देणंघेणं आहे हे आपण जाणतो. आजच्या विरोधकाला झोडपायला १९५२ ची काठी हाताशी येते, एवढंच. आपल्यासाठी प्रश्न वेगळा आहे. बाबासाहेब कोणत्या नियमाने पडले? मतं मोजली कशी गेली? उमेदवार माणसंच पाडतात, पण ती नियमाच्या आधाराने पाडतात. तो नियम समजला नाही तर शिव्या देऊन आपण मोकळे होतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याच खड्ड्यात पडतो.

सुरुवात मुळापासून करू. संसदीय लोकशाहीत आपण पंतप्रधान निवडत नाही. जाहिराती काहीही सांगोत, मतदान यंत्रावर आपल्या मतदारसंघातल्या उमेदवारांचीच नावं असतात. ५४३ खासदार निवडून येतात, त्यातल्या २७२ जणांचा पाठिंबा ज्याच्यामागे असेल तो सरकार बनवतो, आणि तो पाठिंबा गेला की सरकार जातं. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हीच पद्धत का घेतली ते सांगितलं होतं. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त आहे, आपल्या पद्धतीत जबाबदारी जास्त आहे. इथे सरकारचा हिशोब पाच वर्षांनी मतदार घेतो आणि रोजच्या रोज सभागृह घेतं. म्हणजे सभागृहात आपला माणूस नसेल तर रोजच्या हिशोबात आपण नाही. तिथे जाणारा माणूस कुणाच्या मतावर जातो, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा.

या प्रश्नाशी बाबासाहेब १९१९ पासून झगडत होते. साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली तेव्हा त्यांचं वय २७ होतं. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांची भूमिका अशी होती की प्रौढ मताधिकार देणार असाल तर संयुक्त मतदारसंघात राखीव जागा चालतील, नसाल देणार तर स्वतंत्र मतदारसंघ द्या. स्वतंत्र मतदारसंघाचं त्यांना वेड होतं असं जे आजही लिहिलं जातं, ते लिहिणाऱ्यांनी ही साक्ष वाचलेली नाही.

आता १९३२. जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात दोन मतं होती, हे मात्र फार कमी जणांना आठवतं. एक मत आपल्या स्वतंत्र मतदारसंघात आपला प्रतिनिधी निवडायला आणि दुसरं मत सर्वसाधारण मतदारसंघात. दुसऱ्या मताची ताकद बाबासाहेबांनी नेमकी ओळखली होती. सवर्ण उमेदवाराला अस्पृश्य वस्तीत मत मागायला यावं लागलं असतं, आणि तरीही आपला प्रतिनिधी निवडण्यात त्याच्या माणसांना बोट घालता आलं नसतं. गांधीजींचं उपोषण झालं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला, आणि हे दुसरं मत गेलं. बदल्यात प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. आकडा वाढला, पण निवडण्याचा अधिकार सगळ्यांचा झाला. प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवार आपण निवडायचे आणि चौघांतला एक सर्वांनी मिळून निवडायचा, अशी सोय होती. तीही दहा वर्षांपुरती.

तरी १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई प्रांतात उभ्या केलेल्या १७ उमेदवारांपैकी बहुतेक निवडून आले. बाबासाहेबांचा करिश्मा होता, कार्यकर्त्यांचे पाय होते, सगळं खरं. पण एक नियमही होता. ज्या मतदारसंघातून एकाहून जास्त माणसं निवडायची तिथे मतदाराला तितकी मतं होती, आणि मुंबई प्रांतात ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. काँग्रेसला ही मुभा नको होती, बाबासाहेबांना हवी होती. कारण साधं आहे. अल्पसंख्य समाज आपली सगळी मतं एका माणसावर ओतू शकला तर बहुसंख्यांच्या गर्दीतही तो माणूस वर येतो. भायखळा-परळमधून बाबासाहेबांनी काँग्रेसच्या पी. बाळू यांना सुमारे दोन हजार मतांनी हरवलं. हे बाळू म्हणजे नामांकित क्रिकेटपटू, स्वतः चर्मकार समाजातले. काँग्रेसने तेव्हाही आपल्यातलाच माणूस आपल्यासमोर उभा केला होता!

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये बाबासाहेबांनी पुणे कराराची पद्धत रद्द करून स्वतंत्र मतदारसंघ मागितले, प्रौढ मताधिकार मागितला, आणि सगळी मतं एकाला देता येण्याची पद्धतही मागितली. यातला प्रौढ मताधिकार मिळाला, कलम ३२६. निवडणूक आयोग मिळाला, कलम ३२४. उरलेलं घटना समितीत टिकलं नाही. मद्रासचे एस. नागप्पा यांनी दुरुस्ती आणली होती की राखीव जागेवर निवडून येणाऱ्याला अनुसूचित जातींच्या मतांपैकी किमान ३५ टक्के मतं मिळालेली असावीत. सरदार पटेलांनी ती उडवून लावली.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. १९४९ च्या जानेवारीत काझी सय्यद करीमुद्दीन यांनी मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत सुचवली, तेव्हा तिला विरोध करणारे स्वतः बाबासाहेबच होते. त्यांची कारणं दोन : अशा पद्धतीला साक्षर मतदार लागतो, आणि तिने सभागृहाचे इतके तुकडे होतील की सरकार टिकणार नाही. १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा पहिलं कारण खोटं नव्हतं. आज ते कारण उरलेलं नाही. दुसऱ्या कारणावर वाद होऊ शकतो, आणि तो आपण घालायला हवा. पण प्रमाणशीर पद्धत ही बाबासाहेबांचीच मागणी होती असं स्टेजवरून ठोकून देऊ नये. आपल्या माणसांनी तरी नको.

आता १९५२ कडे येऊ. पहिली सार्वत्रिक निवडणूक २५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली आणि फेब्रुवारीपर्यंत चालली. १७ कोटींहून अधिक मतदार, निवडणूक आयुक्त सुकुमार सेन. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, काँग्रेसची बैलजोडी. मतदाराने शिक्का मारायचा नाही, कागद फक्त हव्या त्या पेटीत टाकायचा. (जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून गळली, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. मताधिकार कागदावर आला तरी घरातून बाहेर पडायला त्याला वेळ लागला.)

लोकसभेच्या ४८९ जागा ४०१ मतदारसंघांत विभागल्या होत्या. त्यातले ८६ द्विसदस्य, म्हणजे एकाच मतदारसंघातून दोन खासदार, बहुतेक ठिकाणी एक खुला आणि एक राखीव. मतदाराला दोन मतं. पण आता कायद्याने सांगितलं की एका उमेदवाराला एकच मत देता येईल. दोन्ही दिलीत तर एक बाद. १९३७ ची मुभा गेली.

बाबासाहेब मुंबई शहर उत्तर या द्विसदस्य मतदारसंघातून उभे होते, फेडरेशनची युती समाजवाद्यांशी. निकालाचे चार आकडे असे. काँग्रेसचे विठ्ठल गांधी १,४९,१३८. समाजवादी अशोक मेहता १,३९,७४१. काँग्रेसचे नारायण काजरोळकर १,३८,१३७. बाबासाहेब १,२३,५७६. खुली जागा गांधींना, राखीव जागा काजरोळकरांना. बाबासाहेब १४,५६१ मतांनी पडले.

हे आकडे नुसते वाचून पुढे जाऊ नका. मेहता आणि बाबासाहेब युतीत होते, म्हणजे एकाला मत देणाऱ्याने दुसरं मत दुसऱ्याला द्यायचं, हा करार. दोघांच्या मतांत फरक १६,१६५. म्हणजे मेहतांना मत देणाऱ्या किमान १६,१६५ मतदारांनी आपलं दुसरं मत बाबासाहेबांना दिलेलं नाही. आणि पराभव १४,५६१ चा. युतीच्या मतदारांनी युती पाळली असती तर बाबासाहेब लोकसभेत गेले असते, एवढं साधं हे गणित आहे. समाजवादी मतदाराचा हात हत्तीच्या पेटीपर्यंत का गेला नाही, याचं उत्तर आपल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

डांग्यांचं काय? बाबासाहेब आणि मेहता दोघांनी मिळून निवडणूक अर्ज केला. त्यात बाद झालेल्या मतांचा आकडा ७४,३३३ दिला होता, आणि डांग्यांच्या बाजूने दुसरं मत वाया घालवण्याचा प्रचार झाला असा आरोप होता. अर्ज फेटाळला गेला. पण ७४ हजार मतं बाद होणं म्हणजे मतदाराला दुसऱ्या मताचा वापर एक तर कळला नव्हता, नाही तर कुणी तरी वाकडा शिकवला होता.

त्याच निवडणुकीत सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून फेडरेशनचे पा. ना. राजभोज निवडून आले. तिथे खुली जागा शेतकरी कामगार पक्षाच्या शंकरराव मोरे यांनी घेतली. दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. नियम तोच होता, निकाल उलटा लागला.

१९५४ मध्ये भंडाऱ्याची पोटनिवडणूक. पुन्हा द्विसदस्य, पुन्हा सोबत अशोक मेहता. मेहता निवडून आले, आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी पडले. विदर्भातले जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत की आपल्या माणसांनी दुसरं मत कुणालाच देऊ नये, असा सल्ला तेव्हा बाबासाहेबांना दिला गेला आणि त्यांनी तो धुडकावला. घटना लिहिणाऱ्याने मत कुजवायला सांगायचं नाही, ही त्यांची भूमिका. ती त्यांना महागात पडली. पुढे १९५५ मध्ये फेडरेशनने राखीव जागाच नकोत असा ठराव केला, तो या दोन पराभवांनंतरचा आहे हे लक्षात ठेवा.

द्विसदस्य पद्धतीचा शेवट मात्र आपल्यामुळे झाला नाही. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये दोन आदिवासी उमेदवार निवडून आले. एक राखीव जागेवर आणि दुसरा जास्त मतं मिळाल्यामुळे खुल्या जागेवर. पडले कोण, तर व्ही. व्ही. गिरी, पुढे राष्ट्रपती झालेले. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९५९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की खुली जागा सर्वांची असते, त्यात आदिवासीही आले. दोन वर्षांत, १९६१ मध्ये, कायदा करून द्विसदस्य मतदारसंघ रद्द झाले. सरकारने कारणं दिली ती मतदारसंघ फार मोठे होतात, खर्च वाढतो अशी. असतीलही. पण बाबासाहेब दोनदा पडले तेव्हा ही पद्धत कुणाला अवजड वाटली नव्हती.

तेव्हापासून आपल्याकडे एकच मत आहे. राखीव जागेवर उमेदवार आपला आणि बहुतेक ठिकाणी बहुसंख्य मतदार दुसरे. आज लोकसभेत अनुसूचित जातींच्या ८४ राखीव जागा आहेत, महाराष्ट्रात ४८ पैकी पाच : अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. तिथून आंबेडकरी पक्षांचे किती जण गेले ते आपणच मोजावं. उलट १९६२ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे बी. पी. मौर्य अलीगढच्या खुल्या जागेवरून गेले, दलित आणि मुस्लिम मतं एकत्र आली म्हणून. १९९८ मध्ये महाराष्ट्रातून चार रिपब्लिकन खासदार झाले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, उत्तर मध्य मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा तेव्हा खुल्या होत्या. काँग्रेसशी समझोता होता, मतं एका जागी पडली. पुढच्या एप्रिलमध्ये केंद्रातलं सरकार एका मताने कोसळलं, तेव्हा हे चौघे त्या सभागृहात बसलेले होते. मग गट पुन्हा फुटले, ते सांगण्याची गरज नाही.

आणि उलटा दाखला २०१४ चा. बसपाला देशभर चार टक्क्यांहून अधिक, सव्वादोन कोटींच्या वर मतं. जागा शून्य. अण्णाद्रमुकला त्याहून कमी मतं, जागा ३७, कारण ती सगळी मतं एका राज्यात होती. आपली मतं प्रत्येक गावात आहेत, गावकुसाबाहेर, पसरलेली. वस्तीची ही रचना जातीने ठरवली, आणि ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी हा नियम तिच्यावर नेमका बसतो.

म्हणून आपल्या तरुणांना आमची एक विनंती आहे. निकालानंतर प्रत्येक मतदारसंघाचा फॉर्म २० मिळतो, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. आपल्या तालुक्याचा तो काढा. ज्या मित्रपक्षाशी युती होती, त्याच्या बालेकिल्ल्यातल्या केंद्रांवर आपल्या उमेदवाराला किती मतं पडली ते बघा, आणि आपल्या वस्तीतल्या केंद्रांवर त्यांच्या उमेदवाराला किती पडली तेही बघा. दोन आकडे शेजारी लिहा. मुंबई उत्तरचे १६,१६५ शोधायला आपल्याला सत्तर वर्षं लागायला नको होती, आणि पुढच्या युतीच्या बैठकीला हा कागद खिशात असलेला बरा.