पाय एक, जाणकार दोन



गेल्या महिन्यात माझ्या उजव्या अंगठ्याखाली जखम झाली. मधुमेहामुळे पायाला फारसं कळत नाही. मोज्याला डाग दिसला तेव्हा समजलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'एमसीआर चप्पल' एवढंच लिहून दिलं. चपला शिवणाऱ्या दादांनी ती वाचली, माझा पाय हातात घेतला नि म्हणाले, "गुरुजी, आतला उंचवटा कुठे द्यायचा? यात काहीच नाही." डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "ते त्याला कळायला हवं." दोघांच्या मधे लोंबकळला तो माझा पाय!

इतिहासाचा मास्तर. म्हटलं, हे जुनं दुखणं आहे का बघू.

पेट्रस कांपर हे हॉलंडमधले नावाजलेले शरीररचनाशास्त्रज्ञ. त्यांनी १७८१ साली बुटाच्या उत्तम आकारावर चक्क प्रबंध लिहिला. विषय कितीही क्षुल्लक असो, त्यात जीव ओतता येतो हे विद्यार्थ्यांना दाखवायला, थट्टेथट्टेत लिहिला म्हणे! घोड्याबैलांच्या खुरांची काळजी विद्वान करतात, माणसाच्या पायांची कुणीच नाही, ही त्यांची तक्रार. चालताना पाऊल लांबतं, म्हणून बसल्या पायाचं माप अपुरं पडतं, हे त्यांनी दाखवलं. त्या काळी बहुतेक बूट एकाच सरळ लाकडी फर्म्यावर होत. डावा-उजवा भेद नसे. पण विद्वानाचा प्रबंध दुकानातल्या फर्म्यापर्यंत पोचणार कसा?

पोचला, पण ऐंशी वर्षांनी! एडिंबरात जेम्स डाउई नावाचे बूट बनवणारे कारागीर होते. त्यांनी १८६१ साली पाय आणि पादत्राणांवर पुस्तक काढलं आणि त्यात कांपरांच्या प्रबंधाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर छापलं. पाऊल लांबतं ना, मग बुटानेही ताणलं पाहिजे, म्हणून तळाच्या मध्यभागी लवचीक भाग घालायची युक्तीही त्यांनी केली. मला याचं फार अप्रूप वाटलं. डॉक्टरांनी सांगितलं ते कारागिराने नुसतं ऐकलं नाही, हाताने करून दाखवलं.

आपल्याकडे हीच गाठ पडली ती तमिळनाडूत. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरला आले. कुष्ठरुग्णांच्या तळपायाला जखमा होतात त्या पाय 'सडतो' म्हणून नव्हे, तर वेदना कळत नाही नि एकाच जागी पुन्हापुन्हा दाब पडतो म्हणून, हे त्यांनी ओळखलं. जखम बरी करून रुग्ण घरी पाठवला, की महिन्याभरात पुन्हा दारात! नुसत्या शस्त्रक्रियेने भागेना. मऊ तळाची, त्या त्या पायाच्या बेताची चप्पल हवी. म्हणजे शल्यविशारदाला चपला शिवणाऱ्याशिवाय गत्यंतर नाही. बारीक छिद्रांच्या रबराची ती चप्पल पुढे आमच्यासारख्या मधुमेह्यांच्याही पायात आली. माझ्या चिठ्ठीवरचं 'एमसीआर' म्हणजे तेच रबर.

हे वाचून मी पुन्हा दादांकडे गेलो. त्यांनी माझ्या तळव्याला शाई लावून कागदावर ठसा घेतला. अंगठ्याखाली काळाकुट्ट डाग उमटला. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. ते बराच वेळ बघत राहिले, पेनने एक रेघ ओढली नि विचारलं, "हा ठसा कुणी काढला? त्यांचा नंबर द्या."

जखम अजून पुरती भरलेली नाही, पण लहान झाली आहे. दोघे आता परस्पर बोलतात. मधला निरोप्या मोकळा झाला.

असो. घरात कुणाला साखर असेल, तर रात्री झोपताना तळपाय आरशात बघायला सांगा. दुखायची वाट पाहू नका.