कोबा, कवळी आणि कारखान्याची जमीन

अंबरनाथ पश्चिमेला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. रुळांपलीकडे, पूर्वेला, इ.स. १०६० चे दगडी शिवमंदिर अजून उभे आहे. मग आम्ल सांडणाऱ्या कारखान्यातला सिमेंटचा कोबा मात्र काही वर्षांतच का उखडतो?

पोर्टलँड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन यांनी १८२४ साली इंग्लंडमध्ये घेतले. सिमेंट पाण्याशी संयोग पावून घट्ट होते, तेव्हा त्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइडही तयार होते. हा अल्कली आहे. आम्लाशी त्याची अभिक्रिया होऊन क्षार बनतात. त्यांतले विद्राव्य क्षार धुऊन जातात, खडी उघडी पडते, आणि पुढचे आम्ल तड्यांतून खालच्या मातीत उतरते. म्हणजे फुटका कोबा हा केवळ कारखानदाराचा प्रश्न राहत नाही.

यावरचा एक उपाय मिळाला तो दातांच्या कवळीमुळे! १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिएर कास्तान कवळीसाठी नवा पदार्थ शोधत होते. त्यांना इपॉक्सी रेझीन गवसले. कवळ्यांच्या बाजारात ते रुजले नाही. पण सिबा कंपनीने हक्क घेतले आणि १९४६ साली ‘ॲराल्डाइट’ हे चिकटद्रव्य लोकांपुढे आले. अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली यांनी अशाच रेझिनांपासून रंगलेप घडवले.

इपॉक्सीच्या रेणूत दोन कार्बन व एक ऑक्सिजन यांचे ताणलेले कडे असते. हार्डनरमधील अमाइन ते उघडते आणि रेणूंचे घट्ट जाळे विणले जाते. पातळ आम्ले ते सहसा भेदू शकत नाहीत. तीव्र नायट्रिक आम्लापुढे मात्र तेही टिकत नाही.

तरीही नव्या थराचे आयुष्य ठरते ते त्याच्याखाली. तेलकट, भुसभुशीत कोबा खरवडून काढला नाही, किंवा कोकणच्या पावसाळ्यात मुरलेली ओल वाळली नाही, तर महागडा थरही फुगून सुटतो. शिवाय हार्डनर त्वचेला अपायकारक असतो, म्हणून कामगारांना हातमोजे हवेतच.

ओल ओळखण्याची चाचणी वर्गातही करता येईल. कोब्यावर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले, किंवा कोबा काळपट पडला, तर जमीन ओली आहे. जुन्या सिमेंटच्या तुकड्यावर लिंबू पिळा. उठणारे बुडबुडे पाहून मुलेच विचारतील, की आम्लाने नेमके काय खाल्ले?