भट्टीचे तोंड आणि उकिरडा

माझा बाप नगरपालिकेच्या कचरागाडीवर होता. आई उकिरड्यावरून कागद, चिंध्या, काच वेचून भंगारवाल्याला विकायची. मी बॉयलर अटेंडंटची परीक्षा देऊन उभा जन्म वाफेवर नोकरी केली. त्यामुळे कचऱ्यापासून वीज हा विषय निघाला, की मला भट्टीचे तोंडही दिसते आणि उकिरडाही. या विषयाचा इतिहास लिहिणारे बहुधा भट्टीपाशीच थांबतात.

तो इतिहास इंग्लंडात सुरू होतो. १८७४ साली नॉटिंगहॅमला कचरा जाळण्याची भट्टी उभी राहिली. १८९७ साली लंडनच्या शोरडिच भागात त्याच उष्णतेवर वाफ करून वीज काढली गेली. इमारतीवर ‘धुळीतून प्रकाश आणि शक्ती’ अशा अर्थाचे लॅटिन वचन कोरले गेले. ही धूळ म्हणजे घरोघरच्या शेगड्यांतली राख. तिच्यात अर्धवट जळालेला कोळसा असे. तिथला कचरा स्वतःच इंधन होता. १९०३ साली डेन्मार्कच्या फ्रेडरिक्सबर्गने विजेबरोबर उरलेली उष्णताही इमारती उबदार ठेवण्यासाठी वापरली. तिकडच्या भट्ट्या कार्यक्षम ठरतात, याचे बरेचसे श्रेय तिकडच्या थंडीचे आहे.

हेच डॅनिश तंत्र १९८७ साली दिल्लीत तिमारपूरला आले. रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि ३.७५ मेगावॅट वीज काढायची, अशी योजना होती. किलोमागे १४६२ किलोकॅलरी उष्णता मिळेल असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती ६०० ते ७०० भरली. २१ दिवस चालून भट्टी बंद पडली.

असे का व्हावे? एक किलो पाण्याची वाफ करायलाच सुमारे ६०० किलोकॅलरी खर्ची पडतात. उष्टे, भाजीची देठे, ओला पाला आत गेला, की आग आधी त्याचे पाणी आटवीत बसते. रस्त्याची माती तर जळतच नाही, नुसती तापते. आणि जळण्याजोगा कागद, चिंध्या, प्लास्टिक? ते वेचणाऱ्यांनी पहाटेच उचललेले असते. कचऱ्याचा हिशेब मांडताना ही माणसे हिशेबात धरली जात नाहीत. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, ती अभियंत्याच्या कागदावर तरी कशी यावीत?

भट्टीत सुधारणा करता येते, पण तिला मर्यादा आहे. कचऱ्यातल्या मिठातून व प्लास्टिकातून निघणारा क्लोरीन वाफेच्या नळ्या खातो. म्हणून वाफ साधारणतः ४०० अंश सेल्सिअस आणि ४० बार दाबापुढे नेत नाहीत. शंभर भाग उष्णतेतून वीस-पंचवीस भागच वीज हाती येते. ॲमस्टरडॅमने २००७ साली दाब १३० बारपर्यंत नेऊन, वाफ पुन्हा तापवून तीस भागांची मजल ओलांडली. तिमारपूरचे कागदावरचेच आकडे मांडले, तर सतरा-अठरा भाग निघतात. पण ओला कचरा कोंबल्यावर कोणतीही नळी चमत्कार करीत नाही. कार्यक्षमता आधी वेगळे करण्यात आहे.

इथेच खरा पेच पडतो. भट्टीला जे हवे, तेच वेचणारणीच्या पोटाला हवे. कागद-प्लास्टिक भट्टीत घातले, तर आकडा सुधारेल आणि तिची चूल विझेल. दिल्लीतच २०१२ साली ओखल्याची भट्टी सुरू झाली, तेव्हा कचरावेचकांच्या विरोधामागे हेच कारण होते.

मार्ग आहे. ओले बायोगॅसला किंवा खताला जावे. पुन्हा वापरण्याजोगे वेचकांच्या हाती जावे. त्यातूनही जे सुके उरेल, तेवढेच भट्टीत जावे. २०१६ च्या नियमांनीही घरातच वर्गीकरण करायला सांगितले होते आणि पुनर्वापर न होणाऱ्या, किलोमागे १५०० किलोकॅलरी वा अधिक उष्णता देणाऱ्या कचऱ्यापासून ऊर्जा घ्या म्हटले होते. अशी भट्टी लहान असेल, पण जळेल. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांचीच सहकारी संस्था घरोघर कचरा गोळा करू लागली. वेचणे हे काम आहे, भीक नव्हे, हे तिथल्या बायांनी सिद्ध केले.

बाबासाहेबांनी १९३६ साली दाखवून दिले, की जात ही श्रमांची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. तेच बाबासाहेब १९४३ साली श्रममंत्री म्हणून स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरीत होते, तो दारिद्र्यातून माणसाच्या सुटकेसाठी. वीज आणि माणूस यांची त्यांनी फारकत केली नाही. आपणही करता कामा नये.

कागद ओला की सुका, माझी आई अंधारात बोटांनी ओळखायची. जे गृहीत धरल्यामुळे तिमारपूरला भट्टी विझली, ते तिच्या बोटांना ठाऊक होते. उद्या कुठेही अशी भट्टी उभी राहिली, तर तिच्या जमाखर्चात कोळसा, नळ्या, टर्बाइन यांच्या रकान्यांशेजारी एक रकाना या बोटांच्या मजुरीचा असला पाहिजे. हातमोजे, विमा आणि निवृत्तिवेतन त्याच रकान्यात आले पाहिजे. तो रकाना कोरा ठेवून काढलेली कार्यक्षमता मी तरी खरी मानणार नाही.