हवेतील वायू : ओळख आणि कसोट्या

कोरड्या हवेत आकारमानाने सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन, ०.९३ टक्के अरगॉन आणि ०.०४ टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. धुमसती काडी ऑक्सिजनमध्ये पुन्हा पेट घेते, कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ होते. आणि ज्यात काडी विझते पण निवळी तशीच राहते तो नायट्रोजन, असे शिकवले जाते. पहिल्या दोन कसोट्या वायू काय करतो ते दाखवतात. तिसरी तो काय करत नाही एवढेच सांगते, आणि तेवढ्यावर ओळख पटत नाही. अरगॉनही काडी विझवतो, निवळीला ढिम्म हलवत नाही. म्हणूनच तो दीर्घकाळ नायट्रोजनमध्येच मोजला गेला. हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८५ साली विजेच्या ठिणग्यांनी नायट्रोजनचा ऑक्सिजनशी संयोग घडवला, तेव्हा एक लहानसा बुडबुडा काही केल्या उरलाच. त्यांनी तो प्रामाणिकपणे नोंदवला, पण शतकभर त्याचा अर्थ लागला नाही. तो लावला वजनाने. लॉर्ड रॅले यांना हवेतून काढलेला नायट्रोजन लिटरला सुमारे १.२५७ ग्रॅम, तर रासायनिक संयुगांपासून मिळवलेला १.२५१ ग्रॅम भरला. अर्ध्या टक्क्याचा हा फरक त्यांनी चूक म्हणून सोडून दिला नाही. विल्यम रॅम्से यांनी तापलेल्या मॅग्नेशियमवरून हवेतला नायट्रोजन पुन्हा पुन्हा नेऊन शोषून घेतला आणि १८९४ मध्ये अरगॉन जगापुढे आला.

शाळेपुरता एवढा काटेकोरपणा कशाला, असे कोणी म्हणेल. पण नायट्रोजनची खरी कसोटी शाळेच्या आवाक्यातलीच आहे. झाकलेल्या मुशीत, हवा अगदी बेताने लागेल अशा रीतीने मॅग्नेशियमची फीत तापवली तर थोडे नायट्राइडही बनते. त्या राखेवर पाणी टाकले की अमोनिया निघतो आणि ओला तांबडा लिटमस निळा होतो. उलट, पेल्याखालची मेणबत्ती विझून पाणी चढते त्यावरून ऑक्सिजन मोजणे चूकच. ज्योत विझते तेव्हा बराच ऑक्सिजन शिल्लक असतो, आणि पाणी चढते ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकसल्याने. ओला लोखंडी कीस काही दिवस गंजू दिला तर पाचव्या भागाचे माप बरेच विश्वासाने मिळते. उपयोगातही नायट्रोजन आणि अरगॉन यांच्यातला भेद नडतो. वेफर्सच्या पाकिटात किंवा जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्य उणे १९६ अंश सेल्सिअसला टिकवायला नायट्रोजन पुरतो. तप्त टिटॅनियमशी मात्र तो संयोग पावून सांधा ठिसूळ करतो, म्हणून तिथे वेल्डिंगला अरगॉनच लागतो.