जुन्नर तालुका : भूवारसा व सांस्कृतिक पर्यटन

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाचा तालुका. पश्चिमेला सह्याद्रीची धार व तिच्याखाली कोकण, पूर्वेला आणे पठार. कुकडी, मीना व पुष्पावती या नद्या पश्चिमेच्या डोंगरांत उगम पावतात. शिवनेरी किल्ला, लेणी, नाणेघाट आणि लेण्याद्री व ओझर ही अष्टविनायकांपैकी दोन स्थाने यांमुळे येथे यात्रेकरू व डोंगरभटके पूर्वीपासून येतात. २०१८ साली राज्य शासनाने जुन्नरला पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. येथील दगड आणि इतिहास वेगळे काढता येत नाहीत. पर्यटनाच्या आखणीत मात्र इतिहासालाच जागा मिळाली आहे.

तालुक्याचा पाया दख्खनच्या लाव्ह्याचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूपृष्ठाच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचे थर जवळजवळ आडवे बसले. त्यांत घट्ट काळा पाषाण आणि सच्छिद्र, मऊ खडक आलटून पालटून येतात. मधूनमधून तांबड्या मातीची पट्टी दिसते. घट्ट थराचे कडे उभे राहिले, मऊ थर झिजून उतार व माच्या झाल्या. जीवधन, चावंड, हडसर, निमगिरी या किल्ल्यांनी हे आयते कडेच तट म्हणून वापरले. बांधकाम करावे लागले ते मुख्यतः दरवाजांपाशी आणि कडा तुटतो तेथे. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत याच खडकात कोरलेली दोनशेहून अधिक लेणी आहेत. तुळजा लेण्यांतले बारा खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह भारतात दुर्मिळ मानावे असे आहे. दानलेखांत व्यापारी, कारागीर यांच्याबरोबर यवन दात्यांचीही नावे आहेत.

हे दाते येथे येण्याचे कारण नाणेघाट. सोपारा-कल्याण बंदरांचा माल या वाटेने वर जुन्नरला व पुढे पैठणकडे जाई. घाटमाथ्याच्या खिंडीत कातळात कोरलेली वाट, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आणि एक मोठी गुहा आहे. गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. त्यात यज्ञांची यादी आणि प्रत्येक यज्ञाला दिलेल्या गाई, घोडे व कार्षापण नाणी यांचे आकडे येतात. भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात या आकड्यांना मोठे स्थान आहे. मागच्या भिंतीवर राजकुटुंबाच्या मूर्ती होत्या. आज वर नावे आणि खाली पायांच्या खुणा एवढेच उरले आहे. पावसाळ्यात येणाऱ्या गर्दीपैकी गुहेत शिरून हा लेख पाहणारे थोडे. बहुतेकांचे लक्ष कड्यावरच्या ‘उलट्या धबधब्या’कडे असते. कोकणातून कड्यावर आदळणारा वारा पडते पाणी पुन्हा वर भिरकावतो, तोच हा धबधबा.

कुकडीकाठचे बोरी गाव शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, पर्यटकांना नाही. तेथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडतो आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. ही राख दख्खनच्या लाव्ह्याची नव्हे. ती फार नंतरची, बाहेरून वाऱ्याने आलेली. सुमात्रातील तोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाशी काही अभ्यासक ती जोडतात, तर काहींच्या मते ती लाखो वर्षे जुनी आहे. हत्यारांचे वय राखेच्या वयावरून ठरत असल्याने हा वाद भारतातील मानवाच्या प्राचीनतेपर्यंत पोचतो. आणे घाटातील गुळुंचवाडीचा नैसर्गिक पूल समजायला सोपा: ओढ्याने खालचा कमकुवत खडक पोखरला, वरचा टणक थर कमानीसारखा राहिला. शेजारी मळगंगेचे देऊळ आहे. याच कुकडीवर पुढे निघोजचे प्रसिद्ध रांजणखळगे लागतात, पण तो पारनेर तालुका आणि जिल्हाही दुसरा. त्यामुळे उगमाजवळच्या पूर गावच्या कुकडेश्वर मंदिरापासून निघोजपर्यंत नदीच्या काठाने एक सलग मार्ग सहज सुचत असूनही फलक आणि पत्रके तालुक्याच्या हद्दीपाशी थांबतात.

संरक्षणातही अशीच फट आहे. कोरलेला कातळ १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याखाली येऊ शकतो. त्याच कड्याचा न कोरलेला भाग त्या कायद्याच्या नजरेत स्मारक नसतो. भूवारसास्थळांसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा केंद्राने २०२२ साली प्रसिद्ध केला. किल्ल्यांना मात्र आणखी एक मान्यता मिळाली: २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले, त्यांत शिवनेरी आहे.

पर्यटनाचा पैसा मुख्यतः पूर्वेच्या, रस्त्यालगतच्या भागाला आणि देवस्थानांना मिळतो. नारायणगाव ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ व तमाशा फडांचे केंद्र; त्या भागाला पाटपाणी, द्राक्षे, ऊस यांचा आधार आहे. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यात, जेथे महादेव कोळी समाज बहुसंख्य आहे, भात, नाचणी, वरई आणि बाळहिरडा यांवर वर्ष निघते. जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाने हिरड्याची झाडे पाडली तेव्हा रोख उत्पन्नाचा मोठा आधार गेला. हा पट्टा अनुसूचित क्षेत्रात असल्याने लागू होणारा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे ग्रामसभेला स्थानिक साधनसंपत्तीबाबत बोलण्याचा अधिकार आहे. वाहनतळ, वाटाड्या, स्वच्छता शुल्क यांचे नियम ग्रामसभेने ठरवले तर उत्पन्न गावात राहू शकते. बाहेरच्या ठेकेदाराकडे गेले की गावाच्या वाट्याला कचरा येतो. गडांच्या पायथ्याच्या घाटघरसारख्या गावांत घरगुती जेवण आणि वाटाड्याचे काम मिळते. मात्र गर्दीचा हंगाम जुलै-ऑगस्टचा, म्हणजे नेमका भाताच्या आवणीचा. त्या दिवसांत घरातले सगळे हात खाचरात असतात. उन्हाळ्यात हात मोकळे होतात, पण तेव्हा धबधबे आटलेले असतात आणि गडावरच्या टाक्यांतही पाणी कमी असते. लेणी, शिलालेख, राखेचा थर व नैसर्गिक पूल मात्र नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, भात झोडून झाल्यावर, उत्तम पाहता येतात.